सूर्य मावळायच्या आत

सुयोग फोनवर म्हणाला : मावशी, तीन अंडी.
मी म्हटलं, एकही नको.
तो गप्प झाला. संभाजीनगरला हॉटेलात आहे तो,
उंच पांढरी टोपी घालतो.
"मग ते धरणार कशानं?"

बावीस वर्षं ब्लाउज शिवते मी, अंबड चौफुलीपाशी.
सुटणारं कापड धरायचं कसं
हे मला विचारायलाय.

वरच्या मजल्यावर सुगनबाई. आज ऐंशी पूर्ण.
नातीनं पुण्याहून चीजकेकचा फोटो पाठवला,
पांढरा, गुळगुळीत, वर संत्र्याची चकती.
"दिसायला चांगलंय. यात अंडं असंल ना गं?"
असंल, म्हटलं.
त्यांनी मोबाइल पालथा ठेवला,
ताट पुढं सारावं तसा.

शिळं दही त्यांना चालत नाही.
म्हणून विरजण रात्रीचं, आणि पहाटे उठून बांधलं
अस्तराच्या मलमलीत,
कात्र्या अडकवायच्या खिळ्याला टांगलं.
आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात
सकाळभर तेवढंच काय ते टपकत होतं.
निवळी वाया नाही घालवली,
भाकरीचं पीठ भिजवलं त्यात.

ग्लुकोज बिस्किटांचा चुरा, लोणी,
इस्त्री फिरवावी तशी वाटी फिरवून दाबला तळ.

मोसंबी मोंढ्यातली, घनसावंगीकडची, हिरवीगार.
किसायची फक्त हिरवी साल.
शिवणीपासून दोरा सोडतो तेवढं अंतर ठेवायचं,
पांढऱ्याला धक्का लागला की कडू.
रस चाखला. फारच शहाणा.
कुठं बोचेना.
मग टपरीवरून दोन कागदी लिंबं आणली.

चक्का, डब्यातलं आटीव दूध, दोन चमचे कॉर्नफ्लोअर.
लिंबू पडलं आणि दूध दचकलं.
गेलं, म्हटलं, नासलं सगळं,
पण हात थांबेना माझा, घोटतच राहिले,
आणि ते नासायच्या ऐवजी दाटत गेलं,
चमच्यामागं रेघ राहू लागली.
असं धरतं, सुयोग.

कुकरात मिठाचा थर. शिट्टी काढून, रिंग काढून, मंद आच.
त्या पन्नास मिनिटांत एका बाहीची दोनदा उसवण.

चारला फ्रिजात ठेवलं.
साडेचारला लाइट गेली.

भिंतीवर सुगनबाईंनीच दिलेलं कॅलेंडर.
सूर्यास्त : सहा दहा.
त्यानंतर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत.

ब्लाउजपीस झाकून डबा घेतला, रस्ता ओलांडला.
कय्यूमभाईंकडे जनरेटर आहे.
"अंडं नाही ना?"
नाही.
"मग ठेवा. आमची कुल्फीबी जैनच आहे,"
म्हणत त्यांनी साचे बाजूला सारले.
मी तिथंच स्टुलावर, त्यांच्या घड्याळाखाली,
गिऱ्हाइकासारखी. काहीच न मागता.

सहाला पाच कमी असताना काढलं.
कडेनं घट्ट.
मधोमध अजून हलत होतं, तान्ह्याच्या टाळूसारखं.

जिना चढताना धाप लागली.
सुगनबाई खिडकीशी, पाण्याचा पेला भरून तयार,
बाहेर सळयांच्या कारखान्याचा धूर
आणि त्यात लाल, चपटा सूर्य.
बोलल्या नाहीत. चमचा घेतला.
तोंड हललं, थांबलं.

"कडू लागतंय जरा."

लागला होता धक्का पांढऱ्याला. मला दुपारीच कळलं होतं.

दुसरा चमचा.
"असू दे. वाढ अजून."

सहा नऊला पाणी प्यायल्या, पेला उपडा घातला.
बशीत थोडं उरलं होतं. त्यावर वाटी झाकली,
"सकाळी खाते," म्हणाल्या,
आणि वाटीवर हात ठेवून बसून राहिल्या.

खाली आले तर लाइट आलेली.
रिकामा फ्रिज एकटाच गुरगुरत होता,
मशिनवर ती बाही तशीच उलटी.
सुयोगचा फोन :
"धरलं का मावशी?"

मी म्हटलं, कडेनं.